न उतरवलेला रंग

नाटकमंडळींच्या सहवासात ज्यांचे चार दिवस गेले असतील, त्यांना एक गोष्ट सहज आठवेल. रंगपटात गडबड असते ती रंग लावण्याच्या वेळी. पण नट पुन्हा माणसात येतो तो रंग उतरवण्याच्या वेळी. खोबरेल तेलाचा बोळा गालावरून फिरतो, सफेदा आणि हिंगूळ यांचा मळकट गुलाबी चिखल होतो, आणि त्याखालून ओळखीचा, थकलाभागला चेहरा वर येतो. मग त्या चेहऱ्याला चहाची आठवण होते, बिदागीची आठवण होते, शेवटची गाडी चुकेल की काय अशी धास्ती पडते. रंग कसा लावावा याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तो कसा व केव्हा उतरवावा, याविषयी मात्र फारसे काही माझ्या वाचनात आलेले नाही. बहुधा ही काही कला आहे असेच कोणाला वाटत नसावे.

माझ्या मनात हा विचार घोळू लागला तो एका अमेरिकन चित्रपटामुळे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी माझ्या पुतण्याने 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टु बेबी जेन?' हा १९६२ सालचा बोलपट घरच्या पडद्यावर लावला. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्ड्रिच. प्रमुख भूमिकांत बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड. एके काळी ज्यांच्या नावावर चित्रगृहे भरत, अशा या दोन नट्या तेव्हा पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. बेटी डेव्हिस जेनच्या रूपात प्रथम पडद्यावर आली, तेव्हा आमच्या घरातील कॉलेजात जाणारी मुलगी फिसकन हसली, आणि वहिनी म्हणाल्या, "अगबाई! काय हे ध्यान!" मला हसू आले नाही, किळसही आली नाही. तो चेहरा कोणी, कसा आणि कशासाठी केला असेल, याच कोड्यात मी चित्रपट संपेपर्यंत अडकून राहिले.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. १९१७ साली 'बेबी जेन हडसन' ही चिमुरडी रंगमंचावर नाचून-गाऊन लोकांना वेड लावते. तिच्या चेहऱ्याच्या मोठमोठ्या बाहुल्या नाट्यगृहाच्या दाराशी विकल्या जातात. थोरली बहीण ब्लांच आईजवळ पडद्याआड उभी राहून हे कौतुक मुकाट्याने पाहते. पुढे काळ फिरतो. १९३५ साली ब्लांच सिनेमाची मोठी तारका झालेली असते, आणि जेनला कामे मिळतात तीही बहिणीच्या शब्दाखातर. एका रात्री घराच्या फाटकापाशी मोटारीचा अपघात होतो. ब्लांच कायमची पंगू होते, आणि तो अपघात दारूच्या नशेत जेननेच केला असे सारे जग मानते, जेनही मानते. त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ या दोघी एकाच घरात, वरच्या मजल्यावर एक आणि खाली एक, अशा राहत आलेल्या आहेत. येथून खरी कथा सुरू होते.

आता तो चेहरा. सर्वांगी खडूसारखा पांढरा. पण हा पांढरेपणा गोरेपणाचा नव्हे, भिंतीला दिलेल्या चुन्याचा. ज्या भिंतीचे पोपडे न खरवडता वर्षानुवर्षे वरून हात दिला जातो, तिच्यासारखा तो जागोजागी तडकलेला आहे. डोळ्यांभोवती काजळाची जाड कडी. ओठांच्या मूळ रेषेशी काही एक संबंध न ठेवता काढलेले ओठ. गालावर हृदयाच्या आकाराचा एक काळा तीळ. आणि या सर्वांवर लहान मुलीचे असावेत तसे लांब, पिवळट केसांचे वळसे. हा चेहरा घेऊन ती बहिणीचे ताट वर नेते, दारावर आलेल्या शेजारणीशी बोलते, गावात जाऊन वर्तमानपत्रात जाहिरात देते. आपण सजलो आहोत याविषयी तिच्या मनात यत्किंचितही शंका नाही.

हा रंग स्वतः बेटी डेव्हिसने ठरवला होता. कोणा रंगभूषाकाराने नामांकित नटीच्या तोंडाची अशी दशा करण्याचे धाडस केले नसते, हे उघड आहे. तिचा हिशेब साधा होता: जेन ही तोंड धुणारी बाई नव्हे. ती रोज सकाळी कालच्या रंगावर आजचा रंग चढवते. हे एकदा समजले की तो चेहरा विदूषकी वाटेनासा होतो आणि वाचता येऊ लागतो. झाडाच्या खोडात जशी वर्षांची वलये साठतात, तसे या बाईच्या गालावर दिवस साठलेले आहेत. कादंबरीकाराला जे सांगण्यासाठी दोन प्रकरणे खर्ची घालावी लागली असती, ते या नटीने भुकटीच्या थरांनी सांगून टाकले.

बाईंना हे धाडस त्या वर्षी अचानक सुचले असे मात्र नाही. १९३४ साली सॉमरसेट मॉम यांच्या कादंबरीवरील 'ऑफ ह्यूमन बाँडेज' या चित्रपटात तिने मिल्ड्रेड नावाच्या उपाहारगृहातील उर्मट पोरीची भूमिका केली. ही मिल्ड्रेड शेवटी दारिद्र्यात आणि रोगात मरते. त्या काळी सिनेमातील नायिका मरत असत त्या केस विंचरून आणि पापण्यांना वळण देऊन. बेटी डेव्हिसने आग्रह धरला की मरणाऱ्या मिल्ड्रेडचा चेहरा आपण आपल्या हाताने करणार, आणि खोल गेलेले डोळे व मातकट गाल घेऊन ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तिचे वय तेव्हा अवघे सव्वीस होते. ज्या वयात आरशाने फक्त होकार द्यावा अशी अपेक्षा असते, त्या वयात तिने त्याच्याकडून नकार मागून घेतला.

पुढे १९३९ साली मायकेल कर्टिझ यांच्या 'द प्रायव्हेट लाइव्ह्ज ऑफ एलिझाबेथ अँड एसेक्स' या रंगीत चित्रपटात ती इंग्लंडची राणी झाली. राणी साठी उलटलेली, नटी एकतिशीतली. कपाळ उंच दिसावे म्हणून तिने पुढचे केस दोन इंच मागेपर्यंत भादरून घेतले आणि भुवयाही काढून टाकल्या. त्या काळच्या इंग्लंडातील श्रीमंत स्त्रिया शिशापासून केलेला सफेदा तोंडाला फासत. ज्या विषाने कातडी खराब व्हावी त्याच विषाने ती झाकावी, असा तो न संपणारा व्यवहार. त्या पांढऱ्या मुखवट्यातून बेटी डेव्हिसचे मोठे, किंचित बाहेर आलेले डोळे एखाद्या किल्ल्याच्या जंग्यांतून कोणी पाहावे तसे पाहत राहतात. त्या चित्रपटात एक प्रसंग आहे: दासी राणीच्या वयावर टोमणा असलेले गीत गातात, आणि संतापाच्या भरात राणी महालातील आरसे फोडून टाकते. राणीला आरसे फोडता येतात. जेन हडसनला तेवढीही सत्ता नाही.

जेनचा आरशाचा प्रसंग या चित्रपटाचा गाभा आहे असे मी समजते. रात्र झालेली आहे. जेनने थोडी घेतलेली आहे. ती केसांत रिबन बांधून, बालपणी गाजलेले आपले गाणे पुन्हा म्हणू लागते. बाबांना पत्र लिहिल्याचे ते गाणे. आवाज फाटका, पण हातवारे अगदी तेच; सात वर्षांच्या मुलीचे. गाता गाता ती आरशासमोर उजेडात येते आणि स्वतःचा चेहरा पाहते. एरवी रोज पाहत असणारच. परंतु आज प्रथमच तो दिसतो. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून घेते आणि जो आवाज काढते तो माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

या ठिकाणी मला त्या रंगाचा उगम सापडला. पांढरा चेहरा, गोल डोळे, इवलेसे रंगवलेले ओठ, लांब वळसेदार केस: हे रूप कोणत्याच जिवंत मुलीचे नाही. हे रूप नाट्यगृहाच्या दाराशी विकल्या जाणाऱ्या बाहुलीचे आहे! लहानपणीची जेन आपण पाहिलेली असते; ती रक्तामांसाची, हट्टी, आइस्क्रीमसाठी बापाशी भर रस्त्यात भांडणारी पोर होती. म्हातारी जेन स्वतःला रंगवते ती त्या पोरीसारखे नव्हे, तर तिची नक्कल म्हणून कारखान्यात केलेल्या बाहुलीसारखे. लोकांनी प्रेम केले ते बाहुलीवर, आणि हे तिला कोठेतरी आत कळून चुकलेले आहे. हा अर्थ चित्रकर्त्यांनी योजिला होता की नाही याची मला फिकीर नाही. बाहुली आणि बाई यांना दिग्दर्शकाने एका चौकटीत आणून ठेवल्यावर प्रेक्षकाने तो अर्थ पाहिला तर त्यात प्रेक्षकाचा काय अपराध?

हा चित्रपट कृष्णधवल आहे, हे फार बरे झाले. १९६२ साली रंगीत चित्रपट काही नवलाचे राहिले नव्हते. परंतु जेनचे ओठ तांबडे आणि केस सोनेरी दिसते, तर डोळ्यांना ते सणासुदीचे वाटले असते. पांढऱ्या-काळ्यात ते सारे राखेचे होते. छायालेखक अर्नेस्ट हॅलर यांनीच १९३८ मध्ये 'जेझबेल'मध्ये आणि १९३९ मध्ये 'डार्क व्हिक्टरी'मध्ये याच नटीचे तारुण्य टिपले होते. ज्या माणसाने या गालांवर मऊ प्रकाश कसा सोडावा याचा एके काळी अभ्यास केला, त्यालाच पुढे त्या गालांवरील चुन्याचे पोपडे दिसतील असा कठोर प्रकाश टाकावा लागला. चित्रपटाच्या आरंभी जेनच्या फसलेल्या सिनेमांचे म्हणून जे तुकडे दाखवले आहेत, तेही बेटी डेव्हिसच्या १९३३ सालच्या दोन जुन्या चित्रपटांतले खरेखुरे तुकडे आहेत. 'हिला अभिनय येत नाही' असे पडद्यावरची माणसे म्हणतात, आणि समोर असते ती तिची स्वतःचीच पंचविशी. असा विनोद स्वतःवर करून घ्यायला छाती लागते.

चित्रपट सर्वांगसुंदर आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ताटात मेलेला उंदीर वाढण्यासारखे प्रकार जत्रेतल्या भुताच्या खेळाला शोभणारे आहेत. शिवाय या चित्रपटाला पैसा मिळाल्यावर वय झालेल्या नट्यांना चेटकिणी करून दाखवण्याची एक फॅशनच हॉलिवूडमध्ये निघाली. म्हातारपण हीच जणू भयकथा! बेटी डेव्हिसला या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, पारितोषिक मिळाले नाही. ते त्या वर्षी ॲन बँक्रॉफ्टकडे गेले. वेशभूषेचे पारितोषिक मात्र याच चित्रपटासाठी नॉर्मा कॉक यांना मिळाले. रंगभूषेसाठी दरवर्षी द्यावयाचे वेगळे पारितोषिक तेव्हा नव्हतेच. ते १९८१ सालच्या चित्रपटांपासून सुरू झाले, आणि पहिले गेले ते माणसाचा लांडगा होण्याच्या एका चित्रपटाला. रंगभूषा म्हणजे काहीतरी अमानुष घडवणे, असाच परीक्षकांचाही समज असावा. माणसाचे माणूसच ठेवून त्याच्या गालावर त्याचा इतिहास लिहिणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे.

चित्रपट पाहून झाल्यावर त्या रात्री मला माझ्या आईची फार आठवण झाली. ती कधी रंगभूमीच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. तिची रंगभूषा म्हणजे कुंकवाचा करंडा आणि पावडरचा एक पत्र्याचा डबा. शेवटच्या आजारात ती अंथरुणाला खिळली, तरी डॉक्टर यायची वेळ झाली की मला म्हणे, "जरा तोंडावरून हात फिरव गं माझ्या." मी ओल्या पंचाने तोंड पुसून पावडर लावी आणि हातातला आरसा तिच्यापुढे धरी. एकदा माझ्याकडून जरा जास्त लागली. तिने आरशात पाहिले, पदराच्या टोकाने गाल हलकेच पुसला आणि म्हणाली, "इतकी नको. आजारी आहे ते दिसू दे थोडं. नाहीतर डॉक्टर औषध कशाचं देतील?" रात्री निजण्यापूर्वी पुन्हा मला हाक असे. "बाकी सगळं पूस, कुंकू तेवढं राहू दे." वडील शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असत.

आईचे ते पदराचे टोक जेन हडसनच्या घरात नव्हते, असे मला वाटून गेले. म्हणजे असे की, तोंड पुसून देणारे कोणीतरी लागते. निदान 'इतकी नको' म्हणणारे लागते. ब्लांच वरच्या खोलीत पांगळी पडलेली. घरी कामाला येणारी बाई धन्याच्या तोंडावर कसे बोलणार? आणि जेन आपला जुना खेळ पुन्हा उभा करण्यासाठी जो पियानोवाला ठेवते, तो पैशाच्या आशेने तिचे कौतुक करतो. या जाड्या, गरजू मनुष्याचा चेहरा पाहण्यासारखा आहे. तिला प्रथम पाहताच त्याच्या मुद्रेवर जे उमटते ते तो क्षणात गिळून टाकतो, आणि तोंडभर स्तुती करतो. अशा स्तुतीने रंगाचा आणखी एक थर चढतो.

आणि तरीही, म्हाताऱ्या देहावर तरुण रंग दिसला की तो हास्यास्पदच असला पाहिजे, हे मला कबूल नाही. आपल्या रंगभूमीकडेच पाहा. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त त्यांनी एकनाथांची भूमिका केली खरी, परंतु पुन्हा ते रंगभूमीकडे वळले, आणि देह स्थूल झाला, वय उतरणीला लागले तरी शालू नेसून, खोपा घालून उभे राहिले. त्या उतारवयातील प्रयोगांना गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी दोन्ही प्रकारचे उद्गार ऐकले आहेत. कोणी म्हणत, पाहवत नसे. कोणी म्हणत, पहिली तान घेतली की समोर भामिनीच असे. माझ्या मते येथे रंग एकट्या नटाने लावलेला नसतो. निम्मा प्रेक्षकांनी लावलेला असतो. ते टाळी देतात म्हणून रंग रंग राहतो. जेनचे दुर्दैव असे की तिच्या निम्म्या रंगाचे मानकरी कधीच उठून घरी गेले. उरलेला निम्मा ती एकटी, दुप्पट जाड, लावीत बसली.

दोन नट्यांच्या जुन्या स्पर्धेविषयी पुष्कळ चविष्ट मजकूर छापला गेला आहे; त्यात मला शिरायचे नाही. पण पडद्यावरचा एक फरक नजरेआड करता येत नाही. जोन क्रॉफर्डची ब्लांच पंगू, उपाशी, मरणाच्या दारी आहे, तरी तिच्या चेहऱ्याची ठेवण जपलेली आहे. भुवया जाड व रेखीव, गालांची हाडे प्रकाश झेलणारी. मागे ओढून बांधलेले केस आणि साधा पोशाख यांमुळे ती सात्त्विक दिसते. आपण प्रेक्षक पहिल्यापासून तिच्या बाजूचे होतो. का होतो? तिचा चेहरा स्वच्छ आहे म्हणून! रंगलेली ती दुष्ट आणि धुतलेली ती साध्वी, हा हिशेब आपण किती पटकन करून टाकतो! चित्रकर्त्यांनी आपल्या याच सवयीवर सापळा लावलेला आहे.

कारण शेवटी समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत मरणासन्न पडलेली ब्लांच खरे सांगते. त्या रात्री मोटार तीच चालवत होती. जेनला चिरडण्यासाठी तिने ती अंगावर घातली. जेन बाजूला झाली आणि फाटकावर आदळून ब्लांचचाच कणा मोडला. नशेत असलेल्या जेनला काही आठवत नव्हते, आणि ब्लांचने तिला आयुष्यभर आठवू दिले नाही. म्हणजे ज्या पापाच्या ओझ्याखाली ही बाई रंगाचे थर चढवीत गेली, ते पाप तिचे नव्हतेच. जेन हे ऐकते. ती ओरडत नाही, बहिणीचा गळा धरीत नाही. इतकी वर्षे आपल्याला एकमेकींच्या मैत्रिणी होऊन राहता आले असते की, एवढेच ती नवलाने बोलून दाखवते. बोलण्यात राग नाही, कडवटपणा नाही. त्या क्षणी बेटी डेव्हिसच्या चेहऱ्यावर जे होते ते कोणत्याही डबीतून काढता येण्यासारखे नाही. रंग तोच, काजळ तेच, गालावरचे ते काळे हृदयही तेथेच. परंतु आतून कोणीतरी दिवा लावावा तसा तो चेहरा निवळतो, आणि १९१७ सालची ती हट्टी पोर काही क्षण दिसून जाते.

मग ती बहिणीसाठी आइस्क्रीम आणायला धावते. परतताना वाटेत पोलीस तिला अडवतात, आणि कुतूहलाने किनाऱ्यावरची माणसे भोवती जमू लागतात. तिला वाटते, प्रेक्षक आले. ती नाचू लागते. डोक्यावर भर दुपारचे ऊन, अंगावर खारा वारा, आणि त्या उघड्या उजेडात तो सगळा चुना. गर्दीतले कोणी हसते, कोणी नुसते पाहते. पुढे होऊन तिचा हात धरावा असे कोणालाच सुचत नाही. ती गिरक्या घेत राहते. दोन हातांत दोन आइस्क्रीम असल्यामुळे तिला तोंडावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नसतो.